वाचकांचे प्रश्न : गावाचे त्रिमितीय मॉडेल आणि त्याचे मानक

मागील अंकात शहरांच्या त्रिमितीय डिजिटल मॉडेलांवर आणि त्यांच्या मानकांवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर विदर्भातील ग्रामीण वाचकांची पत्रे मोठ्या संख्येने आली. ही मॉडेले महानगरांसाठी ठीक आहेत, परंतु ज्यांच्या गावठाणाची ड्रोन मोजणी स्वामित्व योजनेत झाली किंवा होऊ घातली आहे, त्यांनी या मानकांकडे कशासाठी पाहावे, असा बहुतेक पत्रांचा रोख आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. विनंतीनुसार पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : एका खासगी संस्थेने ड्रोन उडवून तयार केलेले आमच्या गावाचे थ्रीडी चित्र मासिक सभेत पडद्यावर दाखवले. घराघराभोवती फिरता येते, मंदिराचा कळसही स्पष्ट दिसतो. हे काम आंतरराष्ट्रीय मानकानुसार आहे, असे सांगून संस्था ग्रामपंचायतीच्या निधीतून मोबदला मागत आहे. याची खात्री आम्ही कशी करावी?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : संस्थेचे म्हणणे खरे असूनही आपल्या उपयोगाचे नसेल, अशी शक्यता येथे आहे. ड्रोनच्या छायाचित्रांपासून संगणक लाखो लहान त्रिकोणांचे एक सलग आवरण तयार करतो आणि त्यावर छायाचित्रांचे रंग चढवतो. अशी जड दृश्ये इंटरनेटवरून टप्प्याटप्प्याने दाखवण्यासाठी ‘थ्रीडी टाइल्स’ नावाचे मानक आहे आणि ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियम, म्हणजे ओजीसी, या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये त्याला मान्यता दिलेली आहे. त्यामुळे ‘मानकानुसार’ हा दावा खोटा ठरत नाही. मात्र त्या सलग आवरणात घर कोठे संपले आणि अंगणातला कडुनिंब कोठे सुरू झाला, हे संगणकाला ठाऊक नसते. गावात टिनाची घरे किती आणि कवेलूची किती, एवढा साधा प्रश्न त्या चित्राला विचारून पाहावा. त्याला उत्तर देता येणार नाही.

ज्या मॉडेलाला असे प्रश्न विचारता येतात, त्याचे मानक वेगळे असून त्याचे नाव सिटीजीएमएल आहे. जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांतात २००२ पासून कंपन्या, नगरपालिका आणि विद्यापीठे यांच्या एका गटाने त्यावर काम सुरू केले. प्रत्येक गावाने आणि प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने आपापल्या पद्धतीने मॉडेल केले, तर रस्त्यावरील वाहनांचा आवाज कोणत्या घरापर्यंत किती पोहोचतो, यासारखे गणित संपूर्ण प्रांतासाठी एकदम करता येणार नाही, ही अडचण त्या गटापुढे होती. ओजीसीने २००८ मध्ये त्याची पहिली, २०१२ मध्ये दुसरी आणि २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती स्वीकारली. या मानकात प्रत्येक इमारत स्वतंत्र वस्तू असते. तिची भिंत, छप्पर आणि जमिनीला टेकलेला पृष्ठभाग वेगवेगळे ओळखता येतात, आणि तिला वापर, बांधकामाचे वर्ष, मजले अशी माहिती जोडता येते. रस्ते, पूल, झाडे, जलाशय, जमिनीचा चढउतार आणि हातपंपासारख्या सार्वजनिक वस्तू यांच्यासाठीही त्यात स्वतंत्र विभाग आहेत, म्हणून खेड्यासाठी ते अपुरे पडत नाही.

आपण संस्थेला लेखी विचारावे की मानक कोणते, त्याची आवृत्ती कोणती, प्रत्येक घर स्वतंत्र वस्तू म्हणून दिले आहे काय, आणि मूळ छायाचित्रांसह सर्व फायली ग्रामपंचायतीच्या मालकीच्या राहतील काय. पडद्यावर दाखवलेल्या चित्रफितीवर देयक मंजूर करू नये. फाइल हाती यावी, ती दुसऱ्या कोणत्यातरी सॉफ्टवेअरमध्ये उघडून दाखवली जावी आणि मगच पैसे द्यावेत. एवढी अट घातली की बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून आमच्या गावातील काही घरांचे मॉडेल प्रकल्प म्हणून करणार आहे. सिटीजीएमएलमधील तपशीलाच्या पातळ्यांपैकी कोणती निवडावी? मार्गदर्शक प्राध्यापकांच्या मते पातळी जितकी वरची तितके काम चांगले.
— विद्यार्थी, पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : प्राध्यापकांचा आदर राखून येथे मतभेद नोंदवतो. ‘एलओडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पातळ्या गुणवत्तेच्या पायऱ्या नाहीत. एलओडी ० मध्ये इमारतीची केवळ बाह्यरेषा असते, १ मध्ये सपाट माथ्याचा ठोकळा, २ मध्ये छपराचा खरा आकार, आणि ३ मध्ये दारे-खिडक्यांसह बाहेरचा बारीक तपशील. दुसऱ्या आवृत्तीत घराच्या आतील रचनेसाठी एलओडी ४ होती. तिसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली असून आतील भाग कोणत्याही पातळीवर दाखवण्याची मुभा आहे. ० ते ३ या चार पातळ्याही संदिग्ध आहेत, असे दाखवून नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यांची १६ पातळ्यांत फोड सुचवली.

ही संदिग्धता आपल्या गावात फार लवकर आडवी येते. कवेलूचे दोन पाखी घर घ्या. त्याचे आढे जमिनीपासून १५ फुटांवर आहे आणि ओसरीच्या बाजूने वळचण ७ फुटांपर्यंत खाली आली आहे. आता एलओडी १ चा ठोकळा किती उंच काढायचा? आढ्याइतका काढला तर त्याचे घनफळ वळचणीइतक्या ठोकळ्याच्या दुपटीहून अधिक भरते. दोन्ही ठोकळे मानकाला मान्य आहेत. एका विद्यार्थ्याने आढे धरले, शेजारच्या गावातील दुसऱ्याने वळचण धरली आणि दोन्ही फायली जिल्ह्याच्या ठिकाणी एकत्र झाल्या, तर कोणतीही चूक न दिसता सगळे आकडे निरर्थक होतात. हे ओळखूनच तिसऱ्या आवृत्तीत उंचीच्या आकड्यासोबत ती कोठून कोठपर्यंत मोजली आणि प्रत्यक्ष मोजली की अंदाजाने धरली, हे लिहिण्याची सोय केलेली आहे. आपण आढे आणि वळचण अशा दोन्ही उंची स्वतंत्र संदर्भांसह नोंदवाव्यात. ठोकळ्यासाठी त्यांपैकी कोणती वापरली, हेही लिहावे.

वळचणीची आणखी एक गोष्ट आहे. ड्रोनला वरून छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. दोन घरांच्या भिंतींमध्ये ६ फुटांचा बोळ असेल आणि दोन्हीकडची वळचण दोन-दोन फूट पुढे आलेली असेल, तर वरून काढलेल्या नकाशात तो बोळ २ फुटांचा उरतो. सिटीजीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीपासून छपराची कडा आणि घराचा जमिनीवरील ठसा या दोन वेगळ्या रेषा म्हणून नोंदवता येतात. शहरातील सपाट स्लॅबच्या इमारतींत हा फरक नगण्य असतो. आपल्याकडे त्यावरून भांडणे होतात. भिंतीची रेषा टेपने मोजून घेतल्याशिवाय दुसरी रेषा भरू नये. छपराची कडाच दोन्ही ठिकाणी चिकटवून टाकणे ही सर्रास आढळणारी पळवाट आहे.

छपरांच्या सांकेतिक यादीविषयीही सावध राहावे. मानकासोबत नमुन्यादाखल दिलेल्या यादीत सपाट छपराला १००० आणि दोन पाखी छपराला १०३० असे क्रमांक आहेत. त्यांत आकार कळतो, साहित्य कळत नाही. मे महिन्यात कवेलूच्या आणि टिनाच्या घरांत बसणाऱ्याला हा फरक सांगायला नको. या याद्या मानकाने सक्तीच्या केलेल्या नाहीत, आपली यादी आपण जोडू शकतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराच्या बांधकामाचा प्रकार नोंदलेला असतोच. नवी वर्गवारी शोधून काढण्यापेक्षा तीच आधाराला घ्यावी, म्हणजे मॉडेल आणि करआकारणीची नोंदवही एकमेकांशी बोलू शकतील.

निवडीचेच विचाराल तर आपल्या प्रकल्पासाठी एलओडी २ पुरेशी आहे. संपूर्ण तालुक्याचा विचार असता, तर प्रामाणिकपणे मोजलेली एलओडी १ सुचवली असती.

प्रश्न : भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून सेवा करून मी निवृत्त झालो. नवीन मुले मॉडेल दाखवतात, पण ते कोणत्या संदर्भपद्धतीत आहे आणि उंची कशावरून धरली, हे विचारले की गप्प होतात. मानकात याची सक्ती नाही काय?
— निवृत्त भूकरमापक, यवतमाळ

उत्तर : आपण दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. संदर्भपद्धती, म्हणजे जागेचे आकडे कोणत्या मोजपद्धतीतले आहेत हे, लिहिण्याची जागा सिटीजीएमएलमध्ये आहे, त्याचीच आटोपशीर मांडणी असलेल्या सिटीजेसनमध्येही आहे, आणि ती रिकामी ठेवली तरी चित्र पडद्यावर छानच दिसते. घोटाळा दोन गावांच्या फायली शेजारी ठेवल्यावर उघड होतो.

विदर्भाला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक जाचतो. पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरांत सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीचे ४३ आणि ४४ हे दोन पट्टे ७८ अंश पूर्व रेखांशावर मिळतात आणि ती रेषा आपल्याच यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतून जाते. पुसद ४३ मध्ये येते, यवतमाळ आणि वणी ४४ मध्ये. सीमेवरच्या एकाच विहिरीचा पूर्वांक, म्हणजे तिचे पूर्व-पश्चिम स्थान सांगणारा आकडा, ४३ व्या पट्ट्यात सुमारे ८,१४,००० मीटर आणि ४४ व्या पट्ट्यात सुमारे १,८६,००० मीटर भरतो. पट्टा न लिहिलेल्या फायली एकत्र केल्या, तर एक गाव दुसऱ्यापासून सव्वासहाशे किलोमीटर दूर जाऊन पडते. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते. जुन्या सर्वेक्षण पत्रकांची एव्हरेस्ट पद्धती आणि आजची डब्ल्यूजीएस ८४ या पृथ्वीचा आकार वेगवेगळा धरणाऱ्या पद्धतींची सरमिसळ झाली, तर चूक त्यामानाने लहान असते आणि म्हणूनच खपून जाते. जिल्ह्यासाठी कोणता पट्टा धरायचा, हे जिल्हास्तरावर एकदाच ठरवून सर्व कामांना तोच लावावा; पट्ट्याबाहेरच्या काही तालुक्यांत प्रमाणाचा थोडा फरक पडतो, तो माहीत असला की सांभाळता येतो.

उंचीची चूक याहून फसवी आहे. उपग्रहांच्या आधारे मिळणारी उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरील (उंची ठरवून दिलेल्या कायम खुणेवरील) उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात उपग्रहाची उंची समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा ५० मीटरांहून अधिक कमी येते. घरे लंबगोलाच्या उंचीवर आणि नदीची पातळी समुद्रसपाटीच्या उंचीवर, असे मॉडेल झाले तर सगळा तालुका कायमचा पाण्याखाली दिसेल.

येथे मानकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मानक माहितीला जागा देते, माहिती खरी असल्याची हमी देत नाही. फाइल तपासणारी विनामूल्य साधने आहेत. भिंती एकमेकींना नीट मिळतात काय, ठोकळा बंदिस्त आहे काय, एवढे ती पाहतात. गाव ५० मीटर खाली बसले आहे, हे त्यांना कळत नाही. ते आपल्यासारख्या माणसाने ऑटो लेव्हल हे पातळी मोजण्याचे यंत्र लावून, बेंचमार्कपासून पातळी आणून, चावडीच्या पायरीवर पडताळायचे असते. कंत्राटात अशा पडताळणीच्या बिंदूंची अट घालण्यासाठी आपला सल्ला ग्रामपंचायतींनी जरूर घ्यावा.

प्रश्न : २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचे पाणी आमच्या गावात शिरले. शाळेच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण आम्ही रंगवून ठेवली आहे. अशा मॉडेलावरून पुढच्या पुरात कोणाच्या घरात पाणी जाईल, हे आधी कळू शकेल काय?
— शिक्षक, जि. भंडारा

उत्तर : कळू शकेल, आणि त्यासाठी दारे-खिडक्यांचा तपशील लागत नाही. लागते ती प्रत्येक घराच्या जोत्याची उंची. भंडारा जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत घर जुने असो की घरकुलाचे, दोन फूट जोते आणि चार फूट जोते यांच्यातच धान्य वाचणे आणि भिजणे यांतला फरक असतो. वरून उडणारा ड्रोन जोते पाहू शकत नाही. ते घरोघर जाऊन मोजावे लागते, आणि हे काम आपल्या शाळेतील मोठ्या वर्गांतील मुले टेप घेऊन करू शकतात.

भिंतीवरील खुणेचे मोल मोठे आहे. तथापि शाळेच्या फरशीपासून अमुक फूट एवढीच नोंद असेल, तर ती शाळेपुरतीच राहते. फरशीची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा काढून घ्यावी, म्हणजे तीच खूण साऱ्या गावाला लावता येईल. नदीचे पाणी उताराने वाहत असल्यामुळे गावाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पातळी किंचित वेगळी असते, म्हणून शक्य असल्यास दोन्ही टोकांच्या खुणा घ्याव्यात. वर्धा नदीच्या ३० जुलै १९९१ च्या पुरात नरखेड तालुक्यातील मोवाड येथे दोनशेहून अधिक माणसे गेली. अशा जुन्या पुरांच्या खुणा ज्यांच्या आठवणीत आहेत, ती माणसे आहेत तोवर त्या नोंदवल्या पाहिजेत.

जोत्याच्या उंचीसाठी सिटीजीएमएलमध्ये तयार रकाना नाही. मुक्त गुणधर्म म्हणून, म्हणजे आपणच नाव दिलेला रकाना करून, ती जोडता येते, किंवा त्या विषयापुरते मानकाचे अधिकृत विस्तारपत्र तयार करता येते. इमारतींच्या ऊर्जावापरासाठी आणि ध्वनिप्रदूषणासाठी युरोपात अशी विस्तारपत्रे झालेली आहेत. प्रारंभी मुक्त गुणधर्मच वापरावा, असे माझे मत आहे; पाच-पन्नास गावांत एकाच नावाने आणि एकाच एककात ती नोंद रुळली की मग विस्तारपत्राची भाषा करावी. एकाने फूट, दुसऱ्याने मीटर, तिसऱ्याने ‘कमरेएवढे’ लिहिले तर विस्तारपत्रही उपयोगी पडणार नाही.

प्रश्न : अशा मॉडेलामुळे घराच्या मालकीचा वाद मिटेल काय? आणि आमच्या सांदवाडीतील न्हाणीला छप्पर नाही. ड्रोनच्या चित्रात ती दिसते, हे कसे चालते?
— गृहिणी, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : मालकी मॉडेलावरून ठरत नाही. ती चौकशी, हरकती आणि भूमी अभिलेख विभागाच्या मिळकत पत्रिकेवरून ठरते. हक्कांची माहिती मांडण्यासाठी आयएसओ १९१५२ हे २०१२ पासूनचे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि खाली एकाचे, वर दुसऱ्याचे, अशी मजल्यांची मालकीही त्यात मांडता येते. सिटीजीएमएलमधील इमारतीला मिळकत पत्रिकेचा क्रमांक बाह्य संदर्भ म्हणून जोडावा, एवढाच दोहोंचा संबंध.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो पुरुषांच्या सभेत कोणी विचारत नाही. मूळ छायाचित्रे आणि मॉडेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोकळ्यांचे मॉडेल सर्वांसाठी खुले ठेवले तरी त्यात न्हाणी दिसत नाही. छायाचित्रे मात्र संकेतस्थळावर टाकण्याचे कारण नाही. ग्रामसभेने तसा ठराव करावा, उड्डाणाची तारीख आणि वेळ आधी दवंडीने किंवा घरोघर कळवण्याची अटही त्यातच घालावी.

प्रश्न : ही मानके परदेशात ठरतात. खेड्यात बसून संगणकाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याचे मत त्यात कोण ऐकणार? आणि माझ्या साध्या लॅपटॉपवर या फायली उघडतील काय?
— संगणक व्यावसायिक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. सिटीजेसन ही डेल्फ्ट येथे विकसित झालेली मांडणी ओजीसीने २०२१ मध्ये सामुदायिक मानक म्हणून स्वीकारली. तीत तेच मॉडेल सिटीजीएमएलच्या फाइलपेक्षा सरासरी सहापट कमी जागेत मावते, आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन (जोडसाधन) जोडून ती उघडता येते. एका गावाची फाइल आपल्या लॅपटॉपला जड जाणार नाही. संपूर्ण जिल्हा हाताळायचा असेल, तर म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाशी निगडित थ्रीडी-सिटी-डीबी हा विनामूल्य डेटाबेस पाहावा. नेदरलँड्सने देशभरातील इमारतींची मॉडेले आणि जपानने ‘प्लॅटो’ प्रकल्पातून अनेक शहरांची मॉडेले खुली केलेली आहेत. शिकण्यासाठी त्या फायली उतरवून घ्याव्यात.

मत कोण ऐकणार, याविषयी आपण समजता तितकी स्थिती वाईट नाही. ओजीसीमध्ये एखादे मानक तयार होताना कार्यगट मसुदा लिहितो आणि सदस्यांच्या मतदानापूर्वी तो किमान ३० दिवस सर्वांसाठी खुला ठेवला जातो. त्या काळात सदस्य नसलेली व्यक्तीही लेखी हरकत नोंदवू शकते. सिटीजीएमएलच्या तिसऱ्या आवृत्तीचे काम तर गिटहब या संकेतस्थळावर उघडपणे चालले होते. भारतीय मानक ब्युरोही आपले मसुदे जनतेच्या अभिप्रायासाठी प्रसृत करते.

देशातही हा विषय आता कागदावर आला आहे. २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत शहरी आणि ग्रामीण भागांचे ५ ते १० सेंटिमीटर तपशीलाचे सर्वेक्षण आणि २०३५ पर्यंत प्रमुख शहरांची डिजिटल जुळी रूपे (संगणकातील हुबेहूब प्रतिकृती), अशी उद्दिष्टे आहेत. शहरी मालमत्तांच्या सर्वेक्षणासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नक्शा’ हा कार्यक्रम १५२ नागरी स्थानिक संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. यांतून देशासाठी ज्या सांकेतिक याद्या रूढ होतील, त्या शहरी इमारती डोळ्यांसमोर ठेवून होण्याचा धोका आहे, आणि गोठ्याला ‘इतर’ या रकान्यात टाकले जाईल.

म्हणून हरकत नोंदवताना ‘ग्रामीण भागाचा विचार व्हावा’ अशी मोघम मागणी करू नये. तिला आभाराचे उत्तर येते आणि विषय संपतो. मसुद्यातील कलमाचा क्रमांक द्यावा, अडचण एका वाक्यात सांगावी, पर्यायी शब्दयोजना द्यावी आणि सोबत लहानशी नमुना फाइल जोडावी. मूल तालुक्यातील एक कवेलूचे घर, त्याला लागून टिनाचा कोठा आणि दोहोंच्या वळचणीखालचा बोळ, एवढे तीन घटक असलेली सिटीजेसन फाइल त्यासाठी पुरे. नागपूर येथील महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटरला तिची प्रत पाठवावी, आणि मसुद्याची मुदत संपण्याच्या चार-सहा दिवस आधी हरकत पोहोचेल असे पाहावे.